मोटारसायकलस्वार आणि त्यांचे छायाचित्रकार

अमेरिकी मोटारसायकलस्वाराची जी प्रतिमा आज जगभर रूढ आहे, ती घडवण्यात चित्रपटांइतकाच छायाचित्रांचा वाटा आहे. आणि ही छायाचित्रे स्वारांकडे दुरून पाहून काढली गेली की त्यांच्यात वावरून, यावर त्यांची विश्वासार्हता बरीचशी अवलंबून असते.

जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी भरलेल्या मेळाव्यात हजारो स्वार जमले, दारू पिऊन धिंगाणा झाला आणि पोलिसांनी काहींना पकडले. त्याच महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने बार्नी पीटरसन यांचे एक छायाचित्र पानभर छापले, ज्यात हातांत बाटल्या घेऊन मोटारसायकलवर रेललेला धिप्पाड तरुण आणि चाकांखाली बाटल्यांचा खच दिसतो. त्या बाटल्या मुद्दाम गोळा करून मांडल्या होत्या, असे एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही; परंतु मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड हे समीकरण तोवर रुजले होते आणि या घटनेवरून सुचलेल्या ‘द वाइल्ड वन’ (१९५३) या मार्लन ब्रँडोच्या चित्रपटाने ते पक्के केले.

या समीकरणाला खरे उत्तर डॅनी लायन यांनी दिले. शिकागो विद्यापीठात इतिहास शिकलेले लायन प्रथम कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ या संघटनेचे छायाचित्रकार होते. नंतर ते स्वतःची ट्रायम्फ मोटारसायकल घेऊन ‘शिकागो आउटलॉज’ या क्लबचे सदस्य झाले आणि १९६८ मध्ये त्यांचे ‘द बाइकरायडर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी कॅमेऱ्याबरोबर ध्वनिमुद्रकही वापरला आणि स्वारांचे व त्यांच्या बायकांचे बोलणे छायाचित्रांसोबत छापले, त्यामुळे नोकरी, संसार, भांडणे आणि अपघाती मृत्यू यांसकट एक पूर्ण जीवन वाचकापुढे उभे राहते. लुईव्हिल येथे ओहायो नदीचा पूल ओलांडताना मागे वळून पाहणारा, वाऱ्यावर केस उडणारा स्वार हे १९६६ चे छायाचित्र या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक. त्यातील छायाचित्रकाराची नजर सोबत निघालेल्या गड्याची आहे. ही जवळीक आंधळी मात्र नव्हती, कारण क्लबातील एकाने नाझी झेंडा अंथरला तेव्हा लायन यांचा त्याच्याशी खटका उडाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले.

माणसांइतकीच गाडीही या संस्कृतीचा विषय आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीचे मडगार्ड व इतर अनावश्यक भाग काढून, फ्रेम कापून-जोडून आणि पुढचा फोर्क लांबवून जी गाडी घडवली जाते, तिला चॉपर म्हणतात. हँडलच्या दांड्याचा आस उभ्या रेषेपासून जितका अधिक कलता, तितकी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण कमी वेगात वळवायला जड जाते. कारागिराची ही निवड छायाचित्रात कळावी म्हणून कॅमेरा चाकांच्या आसाच्या उंचीला आणून बाजूने चित्र घ्यावे लागते, आणि तेही दुरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने, कारण जवळून रुंद कोनाच्या भिंगाने पुढचे चाक फुगलेले दिसते. क्रोमचा मुलामा आरशासारखा असल्याने त्यात छायाचित्रकारासह सारा परिसर उमटतो. रंगावरची चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर उघड्या धातूवर जवळजवळ निकामी ठरतो. म्हणून मोठ्या पांढऱ्या पडद्यातून गाळलेला प्रकाश किंवा सूर्य मावळल्यानंतरचे मोकळे आकाश हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

जगातील सर्वांत परिचित चॉपर म्हणजे ‘ईझी रायडर’ (१९६९) या चित्रपटात पीटर फोंडा यांनी चालवलेली, टाकीवर अमेरिकी झेंडा रंगवलेली ‘कॅप्टन अमेरिका’. हार्ले-डेव्हिडसनपासून तयार झालेल्या या गाडीमागे क्लिफर्ड वॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. यांपैकी वॉज हे लायन यांच्याच संघटनेतील कार्यकर्ते, आणि १९६४ मध्ये मेरीलँडमधील केंब्रिज येथे नॅशनल गार्डचे सैनिक त्यांना फरफटत नेत असल्याचे लायन यांनी टिपलेले छायाचित्र नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. गाडीची छबी भित्तिपत्रकांतून जगभर गेली, परंतु चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे नव्हती आणि पुढे कित्येक वर्षे ती लोकांना ठाऊकही नव्हती, हा त्यांच्यावरचा उघड अन्याय होता. म्हणून मॉडिफाय केलेल्या गाडीचे छायाचित्र छापताना मालक आणि छायाचित्रकार यांच्या नावांबरोबर ती घडवणाऱ्या कारागिराचे नावही संपादकांनी आवर्जून द्यावे.