ओस पडलेली स्टेशने, वाढलेले गवत आणि एक ताप

अकोल्याहून अकोट, हिवरखेड करीत खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी जानेवारी २०१७ मध्ये थांबली. मेळघाटच्या जंगलातून ही गाडी जवळपास ४० किलोमीटर धावायची. धूळघाटला तर ती आपलाच मार्ग ओलांडून, वेटोळे घेत डोंगर चढायची. पुढे अकोटपर्यंतचा मार्ग ब्रॉडगेज झाला, पण जंगलातला भाग व्याघ्र प्रकल्पामुळे अडला आणि नवा मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचे ठरले. मागे राहिले ते नदीनाल्यांवरचे पूल, ओस फलाट आणि रिकाम्या इमारती.

अशा जागा पायी पाहाव्यात, असे अनेकांना वाटते. नाल्याकाठची वाट, दोन्ही बाजूंना साग आणि शेवटी एखादे मोडके स्टेशन. यातला बराच भाग व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. परवानगी काढून किंवा जंगलाबाहेरच्या भागात जाणारे लोक वाघ-अस्वलाची चौकशी आधी करतात. सापाचीही करतात, आणि ती योग्यच आहे. पडक्या भिंतीच्या दगडांत हात घालू नये, पुलाखाली आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरावे. पण एका जिवाची चौकशी कुणीच करीत नाही, कारण तो दिसतच नाही.

हा जीव म्हणजे चिगर, कोळ्यांच्या कुळातल्या एका किड्याची अळी. लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग, रंग तांबूस. ती गवताच्या पात्यावर जमिनीलगत बसून राहते. उंदीर किंवा माणूस जवळून गेला की अंगावर चढते आणि मोज्याच्या कडेला, कमरपट्ट्याखाली, जांघेत, काखेत जाऊन चिकटते. चावलेले कळत नाही. तिच्या लाळेत ‘ओरिएंशिया’ नावाचा जिवाणू असेल, तर माणसाला स्क्रब टायफस होतो.

‘स्क्रब’ म्हणजे खुरटी झुडपे, आणि आजाराचे मर्म त्या नावातच आहे. हा घनदाट जुन्या जंगलापेक्षा मोडलेल्या जागेचा आजार आहे. माणसाने जिथे झाडे तोडली, वस्ती केली, शेती केली आणि मग जागा सोडून दिली, तिथे आधी गवत येते, मग झुडपे. उंदीर-घुशींना तिथे आसरा मिळतो आणि चिगरला उंदीर. दुसऱ्या महायुद्धात इम्फाळ आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिकांना या तापाने बेजार केले, तेही बरेचदा सोडून दिलेल्या शेतांत आणि ओसाड गावांत तळ पडल्यावर. मादी किड्याकडून जिवाणू अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे एखादी जागा वर्षानुवर्षे धोक्याची राहू शकते आणि शंभर पावलांवरची जागा मात्र निर्धोक असते. बंद स्टेशनचा फलाट, बाभळींनी वेढलेली जुनी जिनिंग फॅक्टरी, शकुंतलेचा मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग: या साऱ्या जागा पावसाळ्यात चिगरला मानवतील अशाच असतात. त्यासाठी मेळघाटातच जायला हवे असे नाही.

ताप लगेच येत नाही. सहल होऊन साधारण दहा-बारा दिवस, कधी तीन आठवडेही जातात आणि मग थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. तोवर सहल विसरलेली असते. महिना असतो सप्टेंबर-ऑक्टोबरचा, रक्तात प्लेटलेट कमी निघतात आणि घरात-दवाखान्यात एकच शब्द घुमतो: डेंग्यू. मग सलाइन, पपईच्या पानांचा रस आणि रोज ‘पेशी किती?’ ही विचारपूस. डेंग्यूच्या विषाणूवर खास औषध नाही. स्क्रब टायफसवर मात्र आहे, तेही स्वस्त: डॉक्सिसायक्लिन. ते वेळेवर सुरू झाले तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. गरोदर स्त्रियांना ॲझिथ्रोमायसिन देतात. सर्रास टोचली जाणारी सेफ्ट्रिॲक्सोनसारखी इंजेक्शने या जिवाणूवर चालत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर घाला पडू शकतो आणि मग अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाचे अनेक रुग्ण आढळले, काही दगावलेही.

रक्ताची आयजीएम चाचणी पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते, म्हणून शंका दाट असेल तर डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत. खरी खूण कातडीवर असते. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, ती दुखत नाही. सगळ्यांनाच येते असे नाही, आणि जांघेसारख्या ओलसर जागी ती काळी न दिसता नुसते उथळ व्रण दिसते. कपडे बाजूला सारून काख, जांघ, स्तनाखालचा भाग, कंबर पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. गर्दीच्या ओपीडीत आणि लाजऱ्या रुग्णात हीच तपासणी राहून जाते. रुग्णाने स्वतः आरशात पाहून सांगितले तरी काम होते.

वाटेला लागताना पूर्ण पँट घालून तिचे टोक मोज्यात खोचावे, डीट असलेले मलम लावावे. गवतावर बसू-लोळू नये, ओले कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. डब्यासाठी बसायचे तर उघडा कातळ बरा. जिवाणू अंगात उतरायला काही तास लागतात, म्हणून घरी येताच साबण लावून घासून आंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात टाकावेत.

सहलीला जाणारा वर्षातून दोनदा त्या गवतात शिरतो. बकऱ्या चारणारा, धुऱ्यावरचे गवत कापणारी बाई, रानभाजी खुडणारे कोरकू कुटुंब रोज शिरते, आणि त्यांच्यापाशी मोजे नसतात की मलम नसते. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मात्र सरकारी दवाखान्यांत मिळतात. पाच दिवसांहून जुना ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘गेल्या तीन आठवड्यांत गवतात, झुडपांत कुठे गेला होता?’ हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.