ओटीपी

ओटीपी अर्थात एकवेळ वापराचा परवलीचा शब्द हा संगणकीय प्रणालीपुढे वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी वापरला जाणारा, एकदाच चालणारा आणि अल्पकाळ वैध असणारा संकेतांक होय. 'वन-टाइम पासवर्ड' या संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. नावात 'शब्द' असला तरी प्रत्यक्षात तो बहुधा चार ते आठ अंकांचा असतो. बँकेचे ऑनलाइन व्यवहार, आधार पडताळणी, शासकीय संकेतस्थळांवरील नोंदणी, गॅस सिलिंडरची घरपोच पोच अशा अनेक ठिकाणी भारतात ओटीपीचा वापर होतो. व्यवहार सुरक्षित करण्यासाठी आणलेला हा संकेतांक फसवणूक करणाऱ्यांचेही प्रमुख लक्ष्य ठरला आहे. त्यामुळे तो नेमके काय सिद्ध करतो व काय करत नाही, हे समजून घेणे सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

संकल्पना

पहारेकऱ्याने येणाऱ्याला विचारायचा, आतल्या माणसांनाच ठाऊक असलेला खुणेचा शब्द म्हणजे परवलीचा शब्द. असा शब्द एकदा शत्रूच्या कानी पडला की निरुपयोगी होतो, म्हणून तो बदलत राहावा लागतो. संगणकावरील पासवर्डचीही हीच अडचण आहे. तो चोरीस गेला, तर मूळ मालकाच्या नकळत कितीही वेळा वापरता येतो. ओटीपी प्रत्येक वेळी नवा असल्याने जुना संकेतांक हाती लागूनही चोराला त्याचा उपयोग होत नाही.

ओळख पटवण्याचे घटक साधारणपणे तीन प्रकारचे मानले जातात: वापरकर्त्याला माहीत असलेली गोष्ट (पासवर्ड, पिन), त्याच्याजवळ असलेली वस्तू (मोबाइल, कार्ड) आणि त्याच्या शरीराचे वैशिष्ट्य (बोटाचा ठसा, चेहरा). यांपैकी दोन भिन्न प्रकारचे घटक एकत्र मागितले, तर त्यास द्विघटक प्रमाणीकरण म्हणतात. मोबाइलवर येणारा ओटीपी हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो ज्याला वाचता येतो, त्याच्याजवळ नोंदणीकृत मोबाइल आहे असे प्रणाली गृहीत धरते.

इतिहास

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये एकवेळच्या पासवर्डची एक गणिती पद्धत मांडली. तिचा आधार एकदिश फंक्शन हा आहे. अशा फंक्शनचे उत्तर काढणे सोपे असते, परंतु उत्तरावरून मूळ संख्या शोधणे व्यवहारात अशक्य असते. समजा, एका गुप्त शब्दावर हे फंक्शन सलग १,००० वेळा चालवले आणि अंतिम उत्तर संगणकाकडे ठेवले. वापरकर्ता पहिल्या वेळी ९९९ वे उत्तर देतो. संगणक त्यावर एकदा फंक्शन चालवून आपल्याजवळील उत्तराशी ताडून पाहतो. पुढच्या वेळी ९९८ वे उत्तर लागते. मधल्या मध्ये ऐकणाऱ्याला ९९९ वे उत्तर समजले, तरी त्यावरून ९९८ वे काढता येत नाही. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेने विकसित केलेली 'एस-की' ही प्रणाली याच कल्पनेवर आधारलेली होती. तिचा तपशील १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

युरोपातील काही बँका ग्राहकांना संकेतांकांची छापील यादी देत असत आणि प्रत्येक व्यवहारानंतर त्यातील एक संकेतांक बाद होत असे. ठरावीक सेकंदांनी आकडा बदलणारी किल्लीएवढी उपकरणे १९८० च्या दशकात वापरात आली. मोबाइलचा प्रसार झाल्यानंतर मात्र लघुसंदेश अर्थात एसएमएस हे ओटीपी पोहोचवण्याचे सर्वांत सोयीचे साधन ठरले.

कार्यपद्धती

ओटीपी दोन प्रमुख पद्धतींनी तयार होतो.

पाठवलेला संकेतांक: या पद्धतीत सेवा देणारा संगणक एक यादृच्छिक संख्या निवडतो, ती काही मिनिटांपुरती स्वतःजवळ ठेवतो आणि एसएमएस, ईमेल वा स्वयंचलित दूरध्वनीद्वारे वापरकर्त्याला कळवतो. वापरकर्त्याने भरलेली संख्या जुळली की ती लगेच रद्द केली जाते.

मोजलेला संकेतांक: या पद्धतीत काहीच पाठवले जात नाही. नोंदणीच्या वेळी, बहुधा क्यूआर कोड स्कॅन करून, एक गुप्त किल्ली मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये व सेवेच्या संगणकात साठवली जाते. पुढे दोन्हीकडे ती किल्ली व चालू वेळ यांवरून स्वतंत्रपणे एकच संख्या काढली जाते. 'टीओटीपी' नावाने ओळखले जाणारे याचे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या वेळाचे सामान्यतः ३० सेकंदांचे भाग मोजले जातात. वेळेऐवजी गणक वापरणारे 'एचओटीपी' हे त्याआधीचे मानक २००५ मधील आहे. मोजलेल्या संकेतांकासाठी मोबाइलला नेटवर्क असण्याची गरज नसते, फक्त घड्याळ बरोबर असावे लागते.

सहा अंकी ओटीपीच्या १० लाख शक्यता असतात. तीनच प्रयत्नांची मुभा असेल, तर अंदाजाने तो बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३,३३,००० मध्ये एक इतकी राहते. म्हणूनच चोर तो ओळखण्याच्या भरीस न पडता तो मागून घेतो.

भारतातील वापर

भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांसाठी कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडे एक अतिरिक्त घटक अनिवार्य केला. या निर्णयानंतर ओटीपी भारतीय ग्राहकाच्या परिचयाचा झाला. भारतीय स्टेट बँकेने २०२० मध्ये आपल्या एटीएममधून १०,००० रुपये व त्याहून अधिक रक्कम काढताना ओटीपी मागण्यास सुरुवात केली.

मोबाइल क्रमांक हीच ओळख ठरल्याने काही अडचणीही निर्माण झाल्या. नेटवर्क नसलेल्या गावात बँकेचे काम अडते. परदेशी स्थायिक झालेल्या अनेकांना केवळ ओटीपीसाठी भारतीय सिमकार्ड चालू ठेवावे लागते. बंद केलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. बँकेत क्रमांक बदलला नसेल, तर जुन्या ग्राहकाचे संदेश नव्या ग्राहकाकडे जाऊ लागतात. घरातील ज्येष्ठांच्या खात्याला नातवाचा वा ओळखीच्या दुकानदाराचा क्रमांक जोडलेला असेल, तर व्यवहाराची संमती प्रत्यक्षात त्या दुसऱ्या व्यक्तीच्या हाती जाते.

संबंधित संज्ञा

पासवर्ड: वापरकर्त्याने स्वतः ठरवलेला व बदलेपर्यंत कायम राहणारा परवलीचा शब्द.

पिन: बहुधा चार वा सहा अंकी कायमचा संकेतांक. यूपीआय पिन पैसे पाठवताना व खात्यातील शिल्लक पाहताना लागतो, पैसे स्वीकारताना लागत नाही.

सीव्हीव्ही: कार्डावर छापलेली, बहुधा तीन अंकी संख्या. ती ओटीपीप्रमाणे बदलत नाही.

कॅप्चा: समोर यंत्र नसून माणूस आहे एवढेच तपासणारी चाचणी. त्यातून कोणाचीही ओळख पटत नाही.

पासकी: मोबाइल वा संगणकात साठवलेली किल्ली. ती ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली, तेथेच चालते. त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर ती वापरली जात नाही.

मर्यादा व फसवणूक

ओटीपी भरला गेला यावरून मोबाइलवरील संदेश कोणीतरी वाचला एवढेच सिद्ध होते. वाचणारा खातेदारच आहे, किंवा त्याला तो व्यवहार खरोखर करायचा आहे, हे सिद्ध होत नाही. पुढील बहुतेक युक्त्या याच फटीचा लाभ घेतात.

विचारून घेणे: बँक अधिकारी, वीज कर्मचारी वा कुरिअरवाला असल्याचे भासवून 'आलेला नंबर सांगा' असे म्हटले जाते. त्या क्षणी पलीकडची व्यक्ती खातेदाराच्या नावे व्यवहार करत असते आणि संदेश त्याच व्यवहाराचा असतो.

बनावट संकेतस्थळ: वापरकर्त्याने भरलेला ओटीपी काही सेकंदांत खऱ्या संकेतस्थळावर भरला जातो. संकेतांक अल्पायुषी असल्याचा येथे उपयोग होत नाही.

सिमकार्ड बदल: खोटी कागदपत्रे देऊन खातेदाराच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवले जाते. मोबाइलचे नेटवर्क विनाकारण दीर्घकाळ गेले, तर ते याचे लक्षण असू शकते.

कॉल वळवणे: विशिष्ट आकडे डायल करायला लावून खातेदाराचे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवले जातात, त्यामुळे दूरध्वनीवर सांगितला जाणारा ओटीपी तिकडे पोहोचतो. भारताच्या दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा डायल-संकेतांद्वारे कॉल वळवण्याची सोय स्थगित करण्याचा आदेश दिला होता.

पडदा दाखवणे वा अ‍ॅप बसवणे: दूरस्थ साहाय्याच्या नावाखाली मोबाइलचा पडदा पाहिला जातो, किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी घेणारे अ‍ॅप बसवले जाते. अशा वेळी ओटीपी तोंडाने सांगण्याची गरजच उरत नाही.

दूरध्वनी जाळ्यातील त्रुटी वापरून संदेश मध्येच पकडण्याचे प्रकारही घडले आहेत. जर्मनीत २०१७ मध्ये अशा रीतीने बँक खात्यांतून पैसे काढले गेले. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी एसएमएसवरील ओटीपीला मर्यादित वापराच्या वर्गात ठेवले.

संदेश वाचण्याची पद्धत

बँकेच्या संदेशात संकेतांकाबरोबरच सहसा व्यवहाराचा प्रकार, रक्कम व ती कोणाला जाणार हे नमूद असते. घाईत केवळ आकडे वाचले जातात आणि हाच मजकूर नजरेतून सुटतो. 'पैसे परत मिळतील' असे सांगितले जात असताना संदेशात रक्कम खर्ची पडणार असल्याचे लिहिले असेल, तर सांगणाऱ्यापेक्षा संदेशावर विश्वास ठेवावा लागतो. आपण कोणताही व्यवहार सुरू केलेला नसताना ओटीपी आला, तर आपली काही माहिती अन्य कोणाकडे असल्याची ती सूचना असू शकते. बँका व शासकीय कार्यालये दूरध्वनीवरून खात्याचा ओटीपी विचारत नाहीत. याउलट, घरपोच वस्तू घेताना वा टॅक्सीत बसताना समोरच्या व्यक्तीला सांगायचा संकेतांक हा पोच वा प्रवास नोंदवण्यासाठी असतो. तो सांगण्याआधीही संदेश त्याच कारणाचा आहे का, हे पाहणे आवश्यक असते.

कायदेशीर तरतुदी व तक्रार

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क अन्वये नव्हे, तर ६६सी अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे आणि ६६डी अन्वये संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हे गुन्हे आहेत. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपीसारखी माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. त्यामुळे चूक झाल्याची लाज वा भीती बाळगून तक्रार लांबवणे हे अधिक नुकसानकारक ठरते. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर करता येते. तक्रार लवकर झाल्यास पैसे पुढे वळते होण्यापूर्वी गोठवले जाण्याची शक्यता वाढते.

हेही पाहा

द्विघटक प्रमाणीकरण
परवलीचा शब्द
यूपीआय
सायबर गुन्हा