पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर आणि पहिली सही

अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि कारभारही तोच हाकतो. कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. म्हणून त्याचे पहिले हुकूम आधी बघावेत, भाषणे नंतर.

जॉश शपिरो यांनी 17 जानेवारी 2023 रोजी पेनसिल्व्हेनियात शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला की राज्य सरकारच्या 92 टक्के नोकऱ्यांना, म्हणजे सुमारे 65 हजार पदांना, चार वर्षांच्या पदवीची अट नको. अनुभव आणि कौशल्य बघा.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. फिलाडेल्फियात टँकर पेटून आय-95 महामार्गाचा पूल कोसळला. टाकाऊ काचेपासून बनवलेली हलकी खडी भगदाडात भरून, वर डांबर टाकून, तात्पुरता रस्ता 12 दिवसांत सुरू झाला. लोक हे काम घरबसल्या थेट प्रक्षेपणात बघत होते! अर्थसंकल्पाला मात्र ऑगस्ट उजाडला. खासगी शाळांसाठीच्या 10 कोटी डॉलरच्या शिष्यवृत्त्यांना शपिरोंचा पाठिंबा होता, पण स्वपक्षाची मते मिळावीत म्हणून ती तरतूद त्यांनीच खोडली. पुलापेक्षा विधिमंडळच त्यांना जड गेले.