‘पासिंग आहे’ म्हणजे नेमकं काय?

मनमाडमध्ये जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेला माणूस दोनच प्रश्न विचारतो. ‘कितीला देणार?’ आणि ‘पासिंग आहे का?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘आहे की, अजून अकरा महिने’ असं उत्तर मिळालं, की त्याचा जीव भांड्यात पडतो. बाकीचं बोलणं मग फक्त पैशांचं उरतं.

आमच्या गावात अशा गाड्यांना मरण नाही. रेल्वेचं जंक्शन, शिर्डीला निघालेले भाविक, येवला-चांदवड-नांदगावची रोजची ये-जा. शिर्डीपर्यंत रेल्वे गेली, तरी स्टेशनबाहेर जीप आणि व्हॅन उभ्या असतातच. नवी गाडी परवडत नाही, म्हणून दहा-बारा वर्षं वापरलेली घ्यायची आणि तिच्यावर संसार चालवायचा, हा इथल्या पोरांचा नेहमीचा मार्ग. गेली अनेक वर्षं अशी पोरं कागद घेऊन माझ्याकडे येतात. इंजिन मिस्त्रीला दाखवा, कागद मला दाखवा, असा आमचा रिवाजच पडला आहे.

तर पासिंग. कायद्याच्या भाषेत ते योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५६ व्या कलमानुसार पिवळ्या पाटीच्या गाडीकडे हे प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. २०१८ च्या दुरुस्तीपासून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला हा नियम नाही. तिची नोंदणी थेट पंधरा वर्षांची आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांची. म्हणजे चौदा वर्षांची पांढऱ्या पाटीची डिझेल गाडी घेत असाल, तर नोंदणीनंतर तिची एकदाही सरकारी तपासणी झालेली नसणं अगदी शक्य आहे. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं.

आता खरी अडचण. ब्रिटनमध्ये गाड्यांची ‘एमओटी’ नावाची सक्तीची तपासणी १९६० पासून आहे. आज तिथे कोणीही गाडीचा नंबर टाकून तिच्या जुन्या तपासण्या फुकट पाहू शकतो. कोणत्या वर्षी नापास झाली, का झाली, त्या दिवशी किलोमीटर किती होते, सगळं. आपल्याकडे ‘एम-परिवहन’ ॲपवर नंबर टाकला, तर फिटनेस, विमा आणि पीयूसी यांची मुदत दिसते, नोंदणीची तारीख दिसते, पण दिसते ती फक्त आजची स्थिती. मागच्या तपासणीत ब्रेक लागत नव्हते की हेडलाइट, हे कुठेच येत नाही. आपल्याकडचा इतिहास तयार मिळत नाही, तो जुळवावा लागतो.

तो जुळवायचा कसा, हे एका गाडीवरूनच सांगतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा २०१३ ची बारा सीटची व्हॅन घेत होता. आईचे दागिने बँकेत ठेवून पैसे उभे केले होते. मालक गावाबाहेरचा; पासिंग चालू, रंग ताजा, सीट कव्हर नवी. मी म्हटलं, जुने कागद आण. चालू नकोत, जुने. मालकाने कुरकुर करत एक पिशवी दिली. त्यात एका फिटनेसची मुदत फेब्रुवारी २०२२ ला संपत होती आणि पुढचा एप्रिल २०२३ चा होता. मध्ये चौदा महिन्यांची पोकळी.

इथे एक सावधगिरी. पोकळी दिसली की लगेच संशय घ्यायचा नाही. कोरोनाच्या काळात, १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली कागदपत्रं केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरली होती. त्या काळातल्या खंडाला अर्थ नाही. पण आमची पोकळी त्याच्या पुढची होती.

मालक म्हणाला, ‘गाडी वर्षभर शेतात उभी होती.’ असंही होतं. पण गाडी खरोखर उभी ठेवायची असेल, तर वापर बंद असल्याची सूचना आरटीओला आधी देऊन कर वाचवता येतो. तसा कागद पिशवीत नव्हता. त्याऐवजी होत्या दोन पीयूसी, मे २०२२ ची आणि नोव्हेंबर २०२२ ची. पीयूसी आता संगणकावर निघते, तिच्यावर गाडीचा फोटो असतो. शेतात उभी असलेली गाडी सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा पीयूसी केंद्रासमोर कशी आली? ई-चलनाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला, तर त्याच काळातलं महामार्गावरचं वेगाचं चलन निघालं. गाडी फिरत होती, फक्त तपासणीला जात नव्हती.

पीयूसीकडे आपण पोलिसांना दाखवायचा कागद म्हणून बघतो. पण डिझेल गाडीच्या पीयूसीवर धुराचा एक आकडा असतो, तो वाचावा. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर किती प्रकाश अडवतो, ते यंत्र मोजतं. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. आमच्या व्हॅनचा आकडा मे महिन्यात १.१ होता आणि नोव्हेंबरमध्ये २.२. दोन्ही पास! पण सहा महिन्यांत आकडा दुप्पट झाला, तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरकडे बघायला हवं. सगळ्याच केंद्रांवरचे आकडे डोळे मिटून मानावेत असं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरी चार-पाच पीयूसी ओळीने लावल्या, की काहीतरी बोलतातच.

तिसरा साक्षीदार विमा. पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ किती आहे ते बघा. चांगला वाढत आलेला बोनस एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आला असेल, तर बहुधा त्याआधी दावा घेतला गेला आहे. दावा म्हणजे बहुतेक वेळा अपघात. आमच्या व्हॅनचा बोनस २०२३ ला शून्य झाला होता. मग मिस्त्रीला खाली झोपवलं. पुढच्या बाजूला चासीवर वेल्डिंग होतं, त्यावर काळा रंग मारलेला. अशी गाडी बारा माणसं भरून अनकाईच्या उतारावर न्यायची होती. मुलाने व्यवहार सोडला. महिनाभराने तीच व्हॅन दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभी दिसली. पासिंग तर चालूच होती.

मग तपासणी करणारे काय करतात, असं तुम्ही विचाराल. साध्या डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीला मर्यादा आहेत. ब्रेक नीट तपासायला अडीचशे मीटरचा ट्रॅक लागतो आणि तो असल्याशिवाय फिटनेस देऊ नका, असं मुंबई उच्च न्यायालयाला एका जनहित याचिकेत बजावावं लागलं होतं. आता यंत्रांवर तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रं आली आहेत. तिथे प्रत्येक चाचणीचा निकाल असलेला अहवाल निघतो. गाडी अशा केंद्रातून आली असेल, तर नुसतं प्रमाणपत्र न घेता तो अहवाल मागा.

परराज्यातून आलेली गाडी असेल तर आणखी एक. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम ठेवली. २०२५ साली न्यायालयाने कारवाईला आळा घातला, पण मधल्या वर्षांत तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे आल्या. स्वस्त म्हणजे वाईट नव्हे. मात्र तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथे भरायचा कर धरून किंमत काढा. कधीकधी एमएच ४१ चीच गाडी स्वस्त पडते.

कागद पटले, की चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर पस्तीस नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळी मालकाने आधी सुरू करून ठेवायच्या आत, स्वतः सेल मारा.

आणि विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली, की आपण सुटलो असं वाटतं. तसं नाही. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावायचं असतं. म्हणून इसार पावतीवर गाडी ताब्यात दिल्याची तारीख तर लिहाच, पण वेळही लिहा; त्या वेळेआधीची चलनं विकणाऱ्याची, नंतरची घेणाऱ्याची.