खेळ रचण्याचे शिक्षण : चार वर्षांची आखणी

बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? डॉक्टरी, इंजिनिअरी, वकिली ही उत्तरे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीची असतात. पण मुलगी म्हणाली, “मला संगणकावरचे खेळ रचायला शिकायचंय,” तर काय करायचे? वडिलांच्या मनात येते, खेळायला का कधी कॉलेज लागते! आणि मुलीलाही पुष्कळदा वाटत असते, की आपण खेळण्यात पटाईत आहोत, म्हणजे हे शिक्षण सोपेच जाणार. फी भरण्यापूर्वी दोघांनीही थोडे थांबून विचार करावा. चार वर्षांचा आणि बऱ्याच पैशांचा हा प्रश्न आहे.

आधी खेळ रचणे म्हणजे काय ते पाहू. उदाहरण आपल्या घरातलेच घ्या. सापशिडीत खेळणाऱ्याला निवड अशी नसतेच. फासा सांगेल तिकडे सोंगटी जाते. बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. सगळा भार अकलेवर. सारीपाटात मात्र दान पडते नशिबाने आणि कोणती सोंगटी हलवायची ते ठरवायचे आपण. नशीब किती आणि निवड किती, हे प्रमाण कुणीतरी ठरवलेले असते. ते ठरवणारा तो रचनाकार.

आता चार कवड्या घ्या. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी सारख्याच वेळा पडते असे धरू. खऱ्या कवड्या तशा अगदी बरोबर पडत नाहीत, पण हिशेबापुरते चालेल. एकंदर १६ प्रकारे दान पडू शकते. त्यांपैकी दोन उताण्या ६ प्रकारे येतात, आणि चारही उताण्या फक्त एका प्रकारे. म्हणून चारही उताण्या पडल्या की मोठे बक्षीस ठेवता येते आणि तरी खेळ बिघडत नाही. पाहिलंत ना? गणितातला संभाव्यतेचा धडा इथे खेळाचा नियम झाला. या शिक्षणात गणित सुटत नाही, हे पहिल्याच दिवशी समजून घेतलेले बरे.

पदवी कोणती घ्यावी? खास खेळांसाठीची पदवी ही गोष्ट फार जुनी नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे अ‍ॅबर्टे विद्यापीठाने संगणक-खेळांची पदवी १९९७ साली सुरू केली; अमेरिकेत रेडमंड येथील डिजिपेन या संस्थेत पुढच्याच वर्षी तसा अभ्यासक्रम आला. आपल्याकडेही आता अशा पदव्या आहेत. पण दुसरीही एक वाट आहे, ती विसरू नका. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेव्हा पदवी संगणकशास्त्राची किंवा चित्रकलेची घेऊन नंतर इकडे वळणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. मन बदलले तर हातात सर्वत्र चालणारी पदवी राहते.

नव्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. माहितीपत्रक हातात आले, की हा गुणाकार करून पाहा. स्वतः खेळ बनवण्याला एकूण किती तास मिळतात? चार श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे १२० तास. चार वर्षांत एवढेच मिळणार असतील, तर तो अभ्यासक्रम बोलघेवडा समजावा.

आता वर्षवार आखणी करू.

पहिल्या वर्षी कागद, पुठ्ठा आणि सोंगट्या. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ट्रेसी फुलर्टन यांनी हीच रीत रुजवली : आधी कागदी नमुना, मग संगणक. कागदावरचा नियम पाच मिनिटांत बदलता येतो. संगणकावरचा बदलायला पाच दिवस लागतात. जोडीला एक प्रोग्रॅमिंगची भाषा, संभाव्यता, थोडे रेखाटन आणि स्वच्छ लेखन. लेखन कशाला? तर आपला नियम दुसऱ्याला न बोलता, नुसते वाचून कळला पाहिजे म्हणून. वर्षाअखेर एक जुना, साधा खेळ स्वतः बांधावा. १९७२ सालचा ‘पाँग’ याला फार चांगला. अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला तो नुसता सराव म्हणून दिला होता. एक चेंडू, दोन फळ्या, एवढेच. पण अल्कॉर्नने फळीचे आठ भाग कल्पिले आणि चेंडू कोणत्या भागावर लागला त्यावरून त्याची दिशा ठरवली. शिवाय फेरी लांबली, की चेंडूचा वेग वाढे. या दोन नियमांनी सराव होता त्याचा खेळ झाला.

दुसऱ्या वर्षी गणितातील सदिश, माहितीची मांडणी, माणसाचे मन, आणि खेळ बांधण्याची इंजिने. इथे एक धोक्याची सूचना. एकेकाळी ‘फ्लॅश’ या साधनावर कितीतरी खेळ बनत. २०२० साल संपताना त्याचा आधार काढून घेण्यात आला. ज्यांना केवळ त्याची बटणे ठाऊक होती, त्यांची विद्या शिळी झाली. ज्यांना तत्त्वे ठाऊक होती, ते दुसऱ्या साधनाकडे गेले. म्हणून साधन जरूर शिका, पण एकाच साधनाच्या नावाने चालणारी पदवी घेऊ नका. सरावापुरते म्हणाल, तर ‘गोडो’सारखे इंजिन फुकट मिळते.

याच वर्षी नीतीचाही अभ्यास हवा. खेळणाऱ्याला खिळवून ठेवण्याची कला आणि त्याला नादी लावण्याची कला या शेजारी-शेजारी राहतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली. इ-क्रीडा आणि करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले. वडिलांची शंका निम्मी इथे दूर व्हावी, आणि मुलीनेही आपण कोणत्या बाजूला काम करणार ते ठरवावे.

तिसरे वर्ष मंडळींबरोबर काम करण्याचे. प्रोग्रॅमर, चित्रकार, ध्वनी सांभाळणारा आणि रचनाकार, अशी चार-सहा माणसे वर्षभर एकत्र नांदली पाहिजेत. डिजिपेनच्या विद्यार्थ्यांनी २००५ साली ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ केला. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहून त्या मंडळींना कामावर घेतले, आणि २००७ साली त्याच कल्पनेतून ‘पोर्टल’ हा गाजलेला खेळ निघाला. उलट बाजूही ऐका. १९८२ साली अटारीने ‘ई. टी.’ चित्रपटावरचा खेळ अवघ्या पाच-सहा आठवड्यांत करवून घेतला. करणारा माणूस हुशार होता, पण खेळ पारखून पाहायला वेळच नव्हता. तो सपशेल पडला. तेव्हा वेळापत्रकात निम्मा वेळ परीक्षेला ठेवा. परीक्षा म्हणजे खेळ अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा आणि आपण तोंड मिटून बसायचे. त्याला जिथे अडखळायला होते, तिथे चूक आपली.

चौथ्या वर्षी एक मोठे काम, कुठे तरी उमेदवारी, आणि खेळांबाहेरचा एखादा विषय : इतिहास, संगीत, वास्तुकला, काहीही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पुराणकथा, किल्ले, राजवाडे यांचे दर्शन घडते. जे पाहिले-वाचले असेल, तेच कामी येते.

कॉलेजात चौकशीला जाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी खेळ पुरा केला आहे का? मागच्या विद्यार्थ्यांचे खेळ आम्हांला खेळून पाहता येतील का? आणि विद्यार्थ्याने केलेल्या खेळावर हक्क कुणाचा? उत्तरे देताना चालढकल झाली, तर नमस्कार करून परत फिरावे.

आणि फी भरण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. पुठ्ठ्याचा एक पट आखा, चार कवड्या आणि काही खडे घ्या, दहा नियम लिहा, आणि शेजारची पोरे गोळा करा. ती भांडतील, कंटाळतील, नियम चुकतील. नियम बदला, पुन्हा बोलवा. चौथ्यांदा नियम बदलतानाही तुमचा उत्साह टिकून असेल, तर खुशाल या वाटेला लागा. आणि पोरांनी आपण होऊन “अजून एक डाव” असे म्हटले, तर वडिलांनाही जवळ बोलावून ते ऐकवा.