शेवाळ, गोगलगाय आणि मेंढीचे यकृत

खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ व जत, तसेच पलीकडील माण व खटाव हे तालुके अवर्षणाचे म्हणून सर्वपरिचित आहेत. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी आदी योजनांचे पाणी यांतील पुष्कळ गावांत पोहोचले, शेततळी झाली, ओढे अधिक काळ वाहू लागले. यात शेतकऱ्यास समाधान वाटावे हे योग्यच. परंतु माळावरील कोरडे गवत खाणारी मेंढी आता पाझराच्या ओलीवर चरू लागली आहे, आणि ही ओल तिला सर्वस्वी मानवतेच असे नाही.

पाणथळ जागी चरणाऱ्या मेंढ्या, गाई व म्हशी यांच्या यकृतात पानाच्या आकाराचा एक चपटा कृमी वाढतो. त्यास पर्णकृमी म्हणतात. मेंढी खंगते, तिची लोकर सुटते, पापणीची आतील बाजू पांढरी पडते आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. अशी सूज पोटातील अन्य जंतांमुळेही येते. यास्तव अंदाजाने औषध न पाजता लेंड्या दवाखान्यात तपासून घ्याव्यात.

इंग्लंडात १८७९-८० च्या ओल्या हंगामात या रोगाने सुमारे ३० लक्ष मेंढ्या दगावल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथे थॉमस व जर्मनीत लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले की, या कृमीस वाढीसाठी गोगलगाय लागते. शेणालेंड्यांतून पडलेली अंडी पाण्यात फुटतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळीस सुमारे एका दिवसात पाण्यातील विशिष्ट गोगलगाय न सापडल्यास ती मरते. सापडली तर मात्र एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून काठच्या गवतास चिकटतात व चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात.

ही गोगलगाय मुख्यत्वे शेवाळावर जगते. शेवाळास ऊन हवे, साचलेले पाणी हवे आणि शेणखताचा वा रासायनिक खताचा निचरा हवा. आपल्या डोणीभोवती ही तिन्ही आपणच पुरवीत असतो! म्हणून जनावरे तळ्यात उतरू देऊ नयेत. काठास कुंपण करून पाणी नळाने दूरच्या डोणीत घ्यावे. डोण दर पंधरवड्यास रिकामी करून शेवाळ खरवडावे, दिवसभर उन्हात वाळवावी व आतून चुना द्यावा. सांडलेल्या पाण्याचा चिखल होऊ नये यासाठी सभोवार दगड बसवावेत. काठचे हिरवे गवत ताजे घालू नये. कापून कडक उन्हात चांगले वाळवल्यावरच वापरावे. जेथे सोय असेल तेथे बदके पाळावीत, ती गोगलगाई आवडीने खातात.

बाजारातील प्रत्येक जंतनाशक या कृमीवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर लागू पडते, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावी, आणि औषधानंतर दूध व मांस किती दिवस वर्ज्य हेही विचारावे. काही शेतकरी शेवाळ व गोगलगाई मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकतात. त्याने मासे मरतात; शिवाय तांबे मेंढीस इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधते, म्हणून ज्या पाण्यावर मेंढ्या येतात त्यात मोरचूद टाकू नये.