फुल-फ्रेम मिररलेस घ्यायचाय? आधी दोन व्हेरिएबल वेगळी करा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने मागच्या आठवड्यात विचारलं, "दादा, सोनी घेऊ, निकॉन घेऊ की कॅनन?" मी विचारलं, कशाचे फोटो काढायचेत? तो म्हणाला, "तसं ठरवलं नाहीये, पण फुल-फ्रेमच हवा." पीएचडीच्या मुलाखतीतही हे होतं. उपकरण ठरलेलं असतं, प्रश्न ठरायचा असतो.

म्हणून आज थोडं कॅमेऱ्याबद्दल. विषय छंदाचा आहे, पण फेलोशिपचे साठवलेले पैसे एकदाच खर्च होतात आणि चुकीच्या माउंटमध्ये अडकलात तर पुढची चार-पाच वर्षं त्याच खड्ड्यात लेन्स टाकत बसता.

माझा प्रश्न असा होता. गणपतीत पुण्यात संध्याकाळनंतर ढोल-ताशा पथकांचे फोटो काढायचे. रस्त्यावरचा प्रकाश कमी आणि ताशाच्या काड्या प्रचंड वेगात. शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेलं की काड्यांचा धूर होतो. (कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमचा हात स्थिर करतं, वादकाचा नाही.) माझ्याकडे होता निकॉनचा डी५३००, लहान म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा, आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. आयएसओ ६४०० वर फोटोत नुसता रवा सांडल्यासारखा दिसायचा. एका मित्राने फुल-फ्रेम घेतला होता, त्याचे फोटो स्वच्छ. निष्कर्ष सोपा वाटला: सेन्सर मोठा, फोटो चांगला.

थांबा. त्याने सेन्सर बदलला, तशी लेन्सही बदलली होती. एकाच वेळी दोन व्हेरिएबल बदलली आणि श्रेय एकाला दिलं, असं लॅबमध्ये केलं तर गाइड वही परत फेकतील.

आता हिशोब करू. अंधारातल्या फोटोतला बराचसा नॉइज कॅमेऱ्याचा दोष नसतो, तो प्रकाशाचाच असतो. फोटॉन सुटे सुटे येतात. सरासरी १०० येणार असतील तिथे कधी ९०, कधी ११० येतात. चढउतार साधारण वर्गमुळाइतका, म्हणून सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तरही फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं. चौपट प्रकाश गोळा केलात तर ते दुप्पट सुधारतं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच, की १/२५० सेकंदात एकूण फोटॉन किती मिळाले?

माझी १८-५५ लेन्स २७ मिमीच्या आसपास सुमारे एफ/४ एवढीच उघडते. तोच नजारा फुल-फ्रेमवर मिळवायला ४० मिमी लागतात, कारण निकॉनच्या लहान सेन्सरचा क्रॉप फॅक्टर १.५. समजा फुल-फ्रेमवर ४० मिमी एफ/२ लावली. एफ/४ वरून एफ/२ वर आल्याने प्रकाश चौपट. सेन्सरचं क्षेत्रफळ वाढल्याने आणखी १.५ चा वर्ग, म्हणजे २.२५ पट. एकूण नऊपट.

त्या नऊपैकी चार लेन्सचे आहेत! सेन्सरचा वाटा फक्त सव्वादोन पटीचा, म्हणजे साधारण सव्वा स्टॉप. आणि निकॉनची लहान सेन्सरसाठीची ३५ मिमी एफ/१.८ ही लेन्स डी५३०० वर तशीच बसते. बॉडी न बदलता जवळपास पाचपट प्रकाश. नजारा थोडा अरुंद होतो, दोन पावलं मागे जावं लागतं, इतकंच. मी आधी तीच घेतली, सेकंड हँड. दोन गणपती तिच्यावर काढले.

उरलेले सव्वादोन पटही फुकट नाहीत. हे मला सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून सावकाश वाचा. फुल-फ्रेमवर ४० मिमी एफ/२ ने एका वादकाचा चेहरा छान येतो, पण मागची रांग फोकसबाहेर जाते. दोन्ही रांगा स्पष्ट हव्या असतील तर अपर्चर बंद करावं लागतं. लहान सेन्सरवर एफ/२.८ ने जेवढी खोली स्पष्ट दिसते, तेवढीच त्याच जागेवरून फुल-फ्रेमवर मिळवायला साधारण एफ/४.२ लागतं. नजारा तोच, खोली तीच, शटर तेच, तर एकूण गोळा झालेला प्रकाशही तोच. फायदा गायब. कमी प्रकाशातला फुल-फ्रेमचा फायदा तुम्ही फोकसची खोली देऊन विकत घेता. तुमच्या फोटोला ती खोली हवी असेल तर नुसतं वजन वाढतं.

दुसरं, घ्यायच्या आधी स्वतःचा डेटा बघा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ नोंदलेली असते. एक्झिफटूल नावाची मोफत प्रणाली सगळ्या फोल्डरमधून ती एका तक्त्यात काढून देते. मी हिस्टोग्राम काढला तर १८ आणि ५५ वर दोन उंच खांब, आणि मधे २६-२८ ला एक फुगवटा. पहिला विचार आला, मला अगदी रुंद आणि अगदी लांब असे दोन्ही फोटो आवडतात. चूक. १८ आणि ५५ ला लेन्स संपते. मला तिथे १६ हवं होतं की १२, ५५ हवं होतं की १००, हे त्या खांबांवरून कळतच नाही. सर्व्हायव्हल अॅनालिसिस शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा सेन्सॉर्ड डेटा आहे. विश्वास ठेवण्यासारखा फक्त मधला फुगवटा, आणि २७ गुणिले १.५ म्हणजे ४०.

एवढं झाल्यावर मग माउंट. बॉडी जुनी होते, लेन्स राहतात, म्हणून खरी निवड माउंटची.

मिररलेसमध्ये आरसा नसल्याने माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी झालं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं, नव्या झेडमध्ये १६. कॅनन ईएफमध्ये ४४, आरएफमध्ये २०. सोनी ई मध्ये १८. एल माउंटमध्ये २०, आणि हा लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये युती करून चालवलेला. वाचलेल्या जागेत अॅडॉप्टरची नळी बसते, म्हणून जुनी डीएसएलआरची लेन्स नव्या बॉडीवर लागते. उलटं जमत नाही.

पण "लागते" आणि "चालते" यात फरक आहे. कॅननच्या ईएफ लेन्स त्यांच्याच अॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट नीट चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते आणि एफटीझेड अॅडॉप्टरमध्येही ती नाही, त्यामुळे फोकस हाताने. काकांची ५० मिमी आयती मिळणार असेल तर तिच्यावरची अक्षरं आधी वाचा.

सोनीने फुल-फ्रेम मिररलेस २०१३ मध्ये आणला, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ २०१८ मध्ये आले. ई माउंटची तांत्रिक माहिती सोनीने इतर कंपन्यांना बरीच आधी खुली केली, म्हणून सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सची आणि वापरलेल्या मालाची सगळ्यात मोठी निवड तिथे आहे. कॅननने आरएफ बराच काळ बंद ठेवला. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स जाहीर झाल्या, पण लहान सेन्सरसाठी. निकॉन मधे कुठेतरी, टॅमरॉनच्या काही लेन्स झेडमध्ये मिळतात. माझ्या मते विद्यार्थ्याच्या खिशासाठी हा मुद्दा ऑटोफोकसच्या जाहिरातींपेक्षा मोठा आहे. सगळ्या कंपन्यांचा ऑटोफोकस आता आपल्या गरजेपुरता चांगला आहे.

वजनही बॉडीचं बघू नका. कॅनन आर८ बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम, वाचून हरखून जायला होतं. आरएफ २४-७० एफ/२.८ लेन्स एकटी ९०० ग्रॅमची. मिरवणुकीत पाच तास गळ्यात जे लटकतं ती बेरीज असते.

माझं उत्तर विचाराल तर तिसऱ्या वर्षी वापरलेला निकॉन झेड५ आणि नवी ४० मिमी एफ/२ घेतली. मला एकट्या वादकाचे चेहरेच जास्त काढायचे होते, खोली गेली तरी चालणार होती. शिवाय ही लेन्स १७० ग्रॅमची, आणि त्या बजेटात सोनीची जी बॉडी मिळत होती तिचा व्ह्यूफाइंडर मला पटला नाही. जुनी ३५ ची अॅडॉप्टरवर चालते, पण सेन्सरचा मधला तुकडाच वापरते आणि फोटो १० मेगापिक्सेलच्या आसपास येतो.

आता नवीनच अडचण झालीय. ४० ची लेन्स लावल्यापासून हिस्टोग्राममध्ये एकच खांब आहे, त्यावरून पुढची लेन्स ठरवता येत नाही. म्हणून खिशातल्या वहीत टिपून ठेवतो, कुठे मागे सरकायला जागा नव्हती आणि कुठे नंतर फोटो कापावा लागला. सध्या "जागा नव्हती"चं पान पुढे आहे.